भंगारवाला अठराशे देतोय, देऊन टाकू का?

वाचकांचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. साताऱ्यातलं घर विकलंय आणि दोन महिन्यांत आम्ही दोघं पुण्याला, कोथरूडला मुलाकडे राहायला जातोय. माळा उतरवला आणि डोकं धरून बसले. डब्याचा २१ इंची व्हिडिओकॉन टीव्ही, २००३ साली शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला कॉम्प्युटर, त्याचा भलामोठा मॉनिटर, प्रिंटर, यूपीएस, मुलाचा २०१४चा लॅपटॉप, पाच मोबाइल (त्यातला एक पोट फुगलेला), ट्यूबा आणि सीएफएलचा खोका, वायरींचं पोतं, इन्व्हर्टरची बॅटरी. शिवाय पंचवीस वर्षांचा, अजून चालणारा फ्रिज. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांच्या मते यातलं सगळं ‘होण्यासारखं’ आहे. भंगारवाला सगळ्याचे मिळून अठराशे देतोय. वायरी जाळून तांबं आणलंत तर त्याचे वेगळे पैसे, म्हणाला. ह्यांनी परसात जागाही बघून ठेवली आहे. मुलगा म्हणतो, भंगारात देणं बेकायदेशीर. जाऊबाई म्हणतात, शाळेला देणगी द्या. मला एवढंच विचारायचंय, त्या भंगारवाल्यालाही पोट आहे, इतकी वर्षं रद्दी त्यालाच दिली, मग हे दिलं तर काय बिघडलं?

ता. क. आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आणि व्हीसीआरही आहे. त्यांचं काय करू?

– माळ्याला वैतागलेली, सातारा

उत्तर

ताई,

आधी परसातलं ते जाळणं थांबवा, बाकीचं उत्तर सावकाश वाचा.

वायरीवरचं रंगीत आवरण पीव्हीसीचं असतं आणि पीव्हीसीत क्लोरीन असतो. ते पेटलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. घशातल्या, डोळ्यांतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की जे तयार होतं ते आम्लच. उघड्यावर धुमसत जळताना डायॉक्सिन नावाची संयुगंही बनतात. ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि चाऱ्यातून दुधात येतात. जुन्या वायरींच्या आवरणात शिशाची संयुगंही घातलेली असायची, ती राखेत उतरतात. तुम्ही पुण्याला निघून जाल, राख त्याच परसात राहील, आणि घर घेणाऱ्यांची पोरं तिथे खेळतील. बरं, एवढं करून फायदाही पुरता नाही, कारण बाजारात जळक्या तांब्याला सोललेल्या चकचकीत तांब्यापेक्षा कमी भाव मिळतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला वायर सोलायला कुणी शिकवायला नको. घरातल्या जुन्या फिटिंगच्या जाड वायरी असतील त्या त्यांना दुपारच्या वेळी सोलत बसू दे, तांबं विकू दे, पैसे त्यांनाच ठेवू दे. चार्जर, ॲडॅप्टर आणि बारीक वायरींच्या नादी लागण्यात अर्थ नाही. त्या तशाच एका पिशवीत भरा.

आता भंगारवाला. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला बरं वाटलं, कारण बाकीच्या पत्रांत हा माणूस एकतर नसतोच, नाहीतर खलनायक म्हणून येतो. आपल्याकडे जुन्या वस्तूंचं जे काही चीज होतं त्यातलं बरंचसं याच लोकांच्या कष्टांवर होतं. त्याच्या हातगाडीवर काही बिघडत नाही. बिघडतं ते तिथून दोन-तीन मुक्काम पुढे.

तो तुमचा कॉम्प्युटर मोठ्या व्यापाऱ्याला विकेल. तिथे तो फोडला जाईल. पत्रा, प्लास्टिक, तांबं आणि हिरवे सर्किट बोर्ड यांचे वेगवेगळे ढीग लागतील. पत्र्याचं पुढे चांगलंच होतं, तो वितळून पुन्हा लोखंड बनतो. बोर्ड मात्र हात बदलत लांब जातात. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही या धंद्यातली प्रसिद्ध ठिकाणं. तिथल्या खोल्यांमध्ये बोर्ड आचेवर धरून वरचे भाग उपटतात, मग धातू सुटावा म्हणून तीव्र आम्लात बुडवतात. काम संपलं की ते आम्ल गटारात जातं. मुरादाबादेत रामगंगेच्या काठावर या उद्योगाच्या काळ्या राखेचे ढीग साचले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. हे काम करणाऱ्यांत बायका आणि पोरं असतात, बहुतेकांच्या हातात मोजेही नसतात. तुमच्या ओळखीच्या भंगारवाल्याने यातलं काहीही केलेलं नसतं. आपण दिलेला बोर्ड शेवटी कुठे गेला, हे त्यालाही ठाऊक नसतं.

तुम्ही वस्तू दिलीत का, याला म्हणूनच फार महत्त्व नाही. ती अख्खी दिलीत का, आणि घेणारा पुढचा पत्ता सांगू शकतो का, एवढं बघा. विष आतमध्ये बंद असतं तोवर टीव्ही माळ्यावर वीस वर्षं निमूट बसतो. तो फोडला की सगळं सुरू होतं.

भंगारवाल्याच्या पोटाची काळजी तुम्ही करू नका. घर हलवताय म्हणजे लोखंडी कॉट, पत्र्याच्या ट्रंका, गळके पिंप, ॲल्युमिनियमची पातेली, चाळीस वर्षांची मासिकं आणि आता वर सोललेलं तांबं, एवढं सगळं निघणारच आहे. ते सगळं त्यालाच द्या, अगदी घासाघीस न करता द्या. आणि त्या अठराशेचा हिशेब जरा उलगडून बघा. त्यात टीव्ही आणि मॉनिटरची किंमत जवळपास शून्य आहे, त्याला तेही ओझंच. त्याचा डोळा फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर आहे. बॅटरीच्या दोन दुकानांत फोन करून नुसत्या जुन्या बॅटरीचा भाव विचारा. बहुधा तेवढ्यातच अठराशे ओलांडतील.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ई-कचऱ्यासाठी पहिले नियम २०११ साली आले, २०१६ साली बदलले, आणि आता लागू आहेत ते २०२२चे, १ एप्रिल २०२३पासून. या नियमांत उत्पादक (आपल्या नावाने वस्तू विकणारी कंपनी), निर्माता (ती प्रत्यक्ष बनवणारा), नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रीकरण, म्हणजे रीसायकलिंग, करणारा अशा चौघांची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीशिवाय हा धंदा करता येत नाही. वस्तू खपवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या मालाच्या पुनर्चक्रीकरणाचं उद्दिष्ट घातलेलं आहे. सुरुवातीच्या दोन वर्षांत ते ६० टक्के होतं, मग ७०, आणि २०२७-२८पासून ८०. आधीच्या नियमांच्या यादीत २१ प्रकारची उपकरणं होती, आता १०६ आहेत, त्यामुळे कायद्याच्या लेखी तुमचा मिक्सर आणि इस्त्रीसुद्धा ई-कचराच. ‘माल नोंदणीकृत ठिकाणीच द्या’ अशी थेट सक्ती मात्र वर्षाला हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकांवर आहे, म्हणजे कंपन्या, बँका वगैरे. तुमच्या दाराशी कुणी पावती फाडायला येणार नाही. मुलाला हे सांगा, आणि त्याच दमात हेही सांगा की पुण्यातल्या घराजवळ माल कुठे द्यायचा ते शोधण्याचं काम त्याचं. फोनवरून नियम सांगणं सोपं असतं.

त्याने शोधायचं कसं? केंद्रीय मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत पुनर्चक्रकांची यादी आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरही पाहावं. ‘आम्ही ई-कचरा गोळा करतो’ अशा पाट्या हल्ली गल्लोगल्ली दिसतात, पण नुसत्या गोळा करणाऱ्यांची २०२२च्या नियमांत वेगळी नोंदणीच नाही. म्हणून त्यांना सरळ विचारावं, तुम्ही पुढे कोणत्या पुनर्चक्रकाला देता, त्यांचा नोंदणी क्रमांक काय, आणि पावती द्याल का. या तीन प्रश्नांवर जो चिडतो त्याला नमस्कार करायचा. पुण्यात आणखी एक चांगली सोय आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ सालापासून पुण्यात आहे, आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघर कचरा गोळा करणाऱ्या ताईच या संस्थेच्या मालक आहेत. ई-कचरा वेगळा घेण्याची व्यवस्थाही त्यांनी केलेली आहे. कोथरूडला गेल्यावर दारात येणाऱ्या ताईंशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. पोटाचा तुमचा मुद्दा इथे रास्तपणे सुटतो.

म्हणजे छोटं सामान पुण्याला न्यायचं आणि मोठं साताऱ्यातच मार्गी लावायचं. माळ्यावरची एकेक वस्तू घेऊ.

सगळ्यात आधी तो फुगलेला मोबाइल, आजच. आतली लिथियमची बॅटरी खराब होऊन तिच्यात वायू साठलाय. तो चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, आणि ‘बॅटरी काढून बघतो’ हा यजमानांचा प्रयोग तर मुळीच नको. टोक लागलं तर ती पेटते, आणि ही आग विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकते. मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घ्या, फोन तिच्यात ठेवा, कुंडी सावलीत, घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब. मग त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर साताऱ्यात असेल तिथे आधी फोन करून नेऊन द्या. सामानाच्या टेम्पोत, गाद्यांच्या मधोमध, तो पुण्याला जाता कामा नये.

बाकीचे चार मोबाइल चालू होत असतील तर आधी फोटो आणि नंबर उतरवून घ्या. मग पैशांची ॲप्स आणि बँकेची ॲप्स त्यांतून बाहेर पडून काढा. त्यानंतर सेटिंगमधून गूगल खातं काढून टाका, आणि मगच फोन फॅक्टरी रीसेट करा. हा क्रम उलटा झाला तर फोन नव्या माणसाकडे तुमचाच पासवर्ड मागत बसतो आणि त्याच्या काही उपयोगाचा राहत नाही. सिमकार्ड आणि ते नखाएवढं मेमरी कार्ड काढायला विसरू नका. जे फोन चालूच होत नाहीत ते तसेच, न उघडता, पुनर्चक्रीकरणाच्या पिशवीत.

आता कॉम्प्युटर. पतसंस्थेचे हप्ते फेडून घेतलेली वस्तू अशी देताना जीव तुटतो, हे खरं. पण त्यात ‘सोनं असतं’ म्हणून कुणी तुम्हाला थांबवत असेल तर एक हिशेब ऐका. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं जुन्या उपकरणांतल्या धातूंची होती. त्यासाठी जपानभरातून सुमारे ७९ हजार टन उपकरणं आणि त्यांच्यासोबत ६२ लाखांवर मोबाइल जमा झाले. त्यातून सोनं निघालं ३२ किलो. घरच्या एका खोक्यातून काय निघणार ते तुम्हीच गणित मांडून बघा, गणित तुम्ही शिकवलंयत. मोठ्या कारखान्यात हजारो टनांवर ते परवडतं. मागच्या खोलीत आम्ल आणून करायचे हे उद्योग नाहीत.

जपण्याची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे हार्ड डिस्क. तुम्ही म्हणाल, आम्ही सगळं डिलीट केलं. हजेरीपटावरचं नाव खोडलं म्हणून पोरगं वर्गातून उठून जात नाही, तसं आहे ते. डिलीट केल्यावर किंवा घाईचं फॉरमॅट मारल्यावर फाइलीची नोंद तेवढी पुसली जाते. मजकूर तिथेच असतो, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनेही तो परत काढता येतो. तुमच्या त्या डिस्कवर जुनी आयकर विवरणपत्रं असतील, पॅनच्या प्रती असतील, कदाचित बँकेचा पासवर्ड ‘पासवर्ड’ याच नावाच्या फाइलमध्ये असेल. असतोच, लोक ठेवतातच.

हे काम यजमानांकडे सोपवा, आणि मनापासून सोपवा. खोक्याच्या बाजूचं झाकण काढलं की डिस्क चार स्क्रूंवर बसवलेली दिसते. २००३च्या डिस्कला पसरट, रुंद पट्टीची जोडणी असते, तिला आयडीई म्हणतात. तिच्यापासून यूएसबीला जोडायचा ॲडॅप्टर कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो, नाहीतर दुकानदारच समोर बसवून फोटो उतरवून देईल. डिस्क त्याच्याकडे ठेवून मात्र येऊ नका. फोटो निघाले की डिस्कला ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा. चष्मा लावून. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधली तबकडी तर पुष्कळदा काचेची असते, तिचा चुरा उडतो. भोकं पाडलेली डिस्कही ई-कचऱ्यातच द्यायची. माझ्या मते भोकं पाडण्याचा हा कार्यक्रम त्यांना आवडेल.

लॅपटॉपला मात्र मी भंगार म्हणणार नाही. २०१४चं यंत्र विंडोज ११ घेत नाही, आणि विंडोज १०चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, म्हणून असे चांगले चालणारे लॅपटॉप घरोघरी एकदम ‘जुने’ झाले. त्यातली फिरती डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा, रॅम (कामापुरती मेमरी) आठ जीबी करा, आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही प्रणाली घाला. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींत मराठी टंकलेखन चालतं. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीला अभ्यासाला, अर्ज भरायला हे यंत्र आणखी काही वर्षं पुरेल. जुनी डिस्क बाहेर आली की आतल्या माहितीचा प्रश्नही तिथेच मिटतो. ती तशीच ठेवून द्यायची असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘रीसेट धिस पीसी’, मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, आणि पुढे ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करा. रात्रभर चालेल, चालू द्या.

जाऊबाईंना मात्र हळूच नाही म्हणा. जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही नोकरी केली असेल तर कारण मी सांगायची गरज नाही. वस्तू एकदा जडसंग्रह नोंदवहीत चढली की मोडून पडली तरी उतरत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे नोंद कमी करण्याचा, प्रस्ताव करा, वरची मंजुरी आणा, तोवर ती मुख्याध्यापकांच्या खोलीचा कोपरा अडवून बसते. २००३चा कॉम्प्युटर आजचा ब्राउझरही धड उघडणार नाही. आपल्याला टाकवत नाही म्हणून शाळेच्या गळ्यात मारायचं, ही देणगी नव्हे. शाळेला द्यायचंच असेल तर आधी हेडबाईंना विचारा काय हवंय. बहुधा प्रिंटरची शाई हवी असेल.

तुमच्या प्रिंटरला कुणी वाली नाही. शाईचे कार्ट्रिज आतच राहू देऊन पुनर्चक्रीकरणात द्या. यूपीएसमध्ये एक छोटी शिशाची बॅटरी असते. ती काढून इन्व्हर्टरच्या बॅटरीसोबत दुकानात द्या, खोका पिशवीत जाऊ द्या.

टीव्ही आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर, ही दोन धुडं मात्र जपून. पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसं मिसळलेलं असतं, पाहणाऱ्याला क्ष-किरणांचा त्रास होऊ नये म्हणून. एका ट्यूबमध्ये ते किलोच्या हिशेबात असतं. आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे मानेवर फटका बसला की ट्यूब आतल्या आत कोसळून काचा बाहेर उडतात. आणि प्लग काढून ठेवलेल्या सेटमध्येही उच्च दाबाची वीज काही काळ साठून राहते. तुमच्या घरचा माणूस यंत्रांत मुरलेला असला तरी हा डबा उघडू नये. भंगाराच्या धंद्यात ट्यूबच्या मानेवरचं तांब्याचं वेटोळं तेवढं काढून घेतात, बाकी काच ओढ्याकाठी जाते. अख्खी द्यायची वस्तू म्हणजे ही.

साधारणपणे मी सांगेन, टीव्हीच्या कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा, जुना सेट उचलायची व्यवस्था विचारा. तुमच्या बाबतीत पंचाईत आहे. व्हिडिओकॉन ही आपल्या छत्रपती संभाजीनगरची कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उत्पादकच जागेवर नाही अशा अनाथ मालाचं ओझं मग ग्राहकाकडे किंवा नगरपालिकेकडे येतं. मुलाकडे नवीन टीव्ही यायचा असेल तर एक्सचेंजमध्ये देता येईल, पण अशा दुकानदारालाही वरचे तीन प्रश्न विचाराच. एक्सचेंजमधला पुष्कळ माल मागच्या दाराने त्याच भंगारात जातो. नसेल घ्यायचा, तर टीव्ही आणि मॉनिटर दोन्ही गादीच्या कापडात गुंडाळून, पडद्याची बाजू खोक्याच्या आधाराला टेकवून, टेम्पोतून पुण्याला न्या आणि मुलाने शोधलेल्या ठिकाणी उतरवा. जागा अडते, मान्य. पण साताऱ्यात पुनर्चक्रक सापडत नसेल तर हाच रस्ता.

ट्यूबा आणि सीएफएलमध्ये पारा असतो. एका दिव्यात काही मिलिग्रॅमच, पण खोकाभर दिवे खळ्ळकन फुटले तर बंद खोलीत ते थोडं राहत नाही. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून उभ्या ठेवा, काचेच्या भंगारात देऊ नका. एखादा फुटलाच तर खिडक्या उघडून, पंखा बंद करून पंधरा मिनिटं खोलीबाहेर जा. मग काचा जाड कागदाने उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच, त्याने पारा हवेत उडतो. एलईडी दिव्यांत पारा नसतो, ते चार्जरच्या पिशवीत चालतील.

इन्व्हर्टरची बॅटरी बॅटरीच्या दुकानातच द्या. या बॅटऱ्यांना बाजार आहे, आणि २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. वजन पन्नास-साठ किलोच्या घरात, म्हणून उचलायला माणूस बोलवा. एक गोष्ट आधी बजावून ठेवा, दारात आम्ल ओतून वजन हलकं करायचं नाही. ‘हे असंच करतात, बाई’ असं ऐकवलं तरी नाही.

राहिला फ्रिज. चालतोय म्हणून कुणा गरजूला द्यावा, असं तुमच्या मनात असेल. मला ते फारसं पटत नाही. पंचवीस वर्षांचा फ्रिज वीज खातो, आणि ते बिल त्याच गरजूच्या नावावर पडतं. शिवाय आतला वायू. मागच्या पाटीवर वाचा. आर-१२ लिहिलं असेल तर तो ओझोनच्या थराला खाणारा सीएफसी आहे, १९८७च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झालेला. भारतात त्याचा सर्वसाधारण वापर २०१०पासून थांबला. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट भारी, म्हणजे शंभर ग्रॅम निसटला तर एक टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. आर-१३४ए असेल तर ओझोन वाचतो, पण तापवण्यात तोही हजार पटीच्या वरच. भंगारात कॉम्प्रेसर काढताना नळी सरळ कापतात आणि फुस्स आवाज येतो, तोच हा वायू. पुण्यात मुलाकडे फ्रिज असणारच, तेव्हा हा नेऊ नका. कंपनी अजून धंद्यात असेल तर तिच्या ग्राहक क्रमांकावर, नाहीतर यादीतल्या पुनर्चक्रकाला फोन करून साताऱ्यातून उचलायला सांगा. आत वायू आहे, नळी कापलेली नाही, हे आवर्जून सांगा. उचलेपर्यंत फ्रिज अंगणात ठेवावा लागला तर दार काढून ठेवा किंवा दोराने घट्ट बांधा. लपाछपी खेळणारी मुलं आत शिरतात आणि त्यांना दार आतून उघडता येईलच असं नाही.

यजमानांच्या ‘होण्यासारखं आहे’बद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना तारीख द्या. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायला सांगा, काय बिघडलंय, कोणता भाग लागेल, कधीपर्यंत करणार. घरात बंद मिक्सर, इस्त्री असं काही असेल तर ते खरोखर होईल, त्यांच्या हातून होईलही, आणि दुरुस्त झालेला मिक्सर कुणाही नव्या संसाराला उपयोगी आहे. बाकीच्यांची तारीख टळली की त्या आपोआप पिशवीत. अवजारांच्या पेटीला मात्र हात लावू नका. ती कोथरूडला जाणार.

तुमच्या ताजा कलमाचं. लग्नाची कॅसेट आधी डिजिटल करून घ्या, व्हीसीआर त्यानंतर द्या. साताऱ्याच्या पावसाळ्यात इतकी वर्षं काढलेल्या टेपवर बुरशी असू शकते, म्हणून ती घरच्या व्हीसीआरमध्ये घालून ‘चालते का बघू’ करू नका, फीत गुंतून तुटते. झाकणाच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे डाग दिसतात का बघा. दिसले तर लग्नाच्या व्हिडिओची कामं करणाऱ्या एखाद्या जुन्या स्टुडिओत विचारा, त्यांच्याकडे फीत साफ करून उतरवण्याची सोय असते का. त्यांचा व्हीसीआर बंद पडलेला असणं अगदी शक्य आहे. तेव्हा तुमचाच सोबत न्या, आणि काम होईपर्यंत तो कुणालाही देऊ नका.